चावलेला घास

आमच्या मांडवगण फराट्यात मुक्ताबाईइतकी धीट बाई शोधून सापडायची न्हाई. माझी थोरली जाऊ ती. उसात बिबट्या दिसला तवा गडीमाणसं घरात शिरली आन् ही बया डबडं बडवत बांधावर उभी! तीच आक्का दोन वर्षांच्या नातीला बघून मागं सरकायला लागली. मला असा राग यायचा म्हणून सांगू!

झालं काय, वरवंडचा तिचा भाऊ ईश्वर पोटाच्या कॅन्सरनं गेला. त्याची पोरगी तेजश्री पुण्यात लॅबमधी हाय. पोटात मुक्काम ठोकून बसणारा एक जंतू असतो, तो एखाद्याला कॅन्सरपर्यंत नेतो. त्या जंतूची सगळी जनुकं मशीनवर वाचायची, हे तिचं काम. बापाच्या पोटातला जंतू लॅबच्या फ्रीजरमधी जपलेला होता. आक्काला जळजळ जुनीच, सोडा प्यायची आन् कामाला लागायची. पण तेजश्री हट्टालाच पेटली. पुण्याला नेऊन नळी घातली, पोटातला कणभर तुकडा काढला. कॅन्सर न्हाई निघाला. जंतू निघाला.

मग तेजश्री सोताच सांगायला आली. "आत्या, तुमचा आन् आमच्या बाबांचा जंतू जवळजवळ एकच हाय. आन् जनुकं वाईटातली हायती. गोळ्या पुऱ्या करा, जाईल."

"दोघांत एकच कसा गं?" आक्का म्हणाली.

"बहुतेक लहानपणीच आला असंल, तुमच्या आईकडनं. तोंडातनं तोंडात."

आक्काच्या मांडीवर नात नंदिनी बसलेली, तोंडाचा आ करून. आमच्या घरात लेकराच्या दाढा येईस्तोवर म्हातारं माणूस भाकर चावून भरवतं. माझी पोरं सासूबाईंनी तशीच वाढवली. आक्काच्या तोंडात तवा घास होता, नंदिनीसाठी चावलेला. तिनं तो पदरात थुंकला.

"ह्याच्यातनं पण जातो?"

तेजश्रीनं मान खाली घातली. "जाऊ शकतो, आत्या."

त्या दिवसापासनं आक्काचं ताट येगळं, तांब्या येगळा. नातीशी बोलताना तोंडाला पदर. पोरगी "आज्जी, आज्जी" करत गळ्यात पडायला धावायची आन् ही गोठ्यात जाऊन बसायची. सून बिचारी रडकुंडीला आली. मी एकदा लई फाडफाड बोलले, "अहो आक्का, महारोग झालाय का तुम्हाला?" तिनं आपला तांब्या उचलला आन् आणखी लांब जाऊन बसली. ते बघून माझंच काळीज चरकलं.

नंदिनीची शी तपासायला दिली. देवापुढं दिवा लावला मी, पण जंतू निघालाच. डॉक्टर म्हणाले, "लहान आहे, आत्ता औषध नको. मोठी झाली की बघू. बहुतेकांना काही होत नाही." आक्कानं एकच इचारलं, "तिच्यात ईश्वराचाच हाय का?" ते कळायला पोरीला पण नळी घालावी लागली असती. "नको, नको," आक्का किंचाळलीच. म्हंजी कळायचं न्हाई, आन् पोरीच्या पोटात काय बसलंय ह्या भ्यावात दिवस काढायचे.

आक्काच्या गोळ्या संपल्या. नंतर जंतू गेला का बघायला फुंकर मारायची तपासणी झाली. तेजश्रीचा फोन आला, "आत्या, तुमचं पोट साफ झालं!" मी साखर घेऊन धावले. आक्का चुलीपाशी रडत होती. "माझं साफ झालं गं गिता, आन् तिच्यात ठिवून बसले मी."

परवा दुपारी ओसरीवर जेवत होतो. आक्का आपली लांब, खांबाशी. नंदिनी उठली, भाकरीचा तुकडा तोंडात घातला, नव्या दातांनी चावला, बाहेर काढला आन् थेट आज्जीपुढं धरला. "आज्जी, आ कल."

"आक्का, घेऊ नका! परत लागंल!" मी वरडले.

आक्काच्या तोंडावरचा रंग उडाला होता. तिनं पदर बाजूला केला आन् तोंड उघडलं. घास गिळला.

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"ऱ्हाऊ दे, गिता," ती म्हणाली. "माझंच हाय ते."

नंदिनी दुसरा घास चावायला लागली होती.