महिन्यातलं चांगलं

आमच्या घरात महिन्याचा शेवटचा रविवार हा जबानीचा दिवस असायचा. माझा थोरला भाऊ गिरगावातल्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचं काम करायचा आणि तिथेच खोली घेऊन राहायचा. महिन्यातून एकदा तो घरी, गोडदेवला यायचा. पाय धुऊन ओट्यावर टेकला, की चहा हातात पडायच्या आधीच त्याची चौकशी सुरू व्हायची. "हां, बोला आता. म्हैनाभरात काय काय चांगलं गावलं?"

प्रत्येकाने सांगायचंच, असा त्याचा दंडक होता. काही वाचलेलं नाहीतर ऐकलेलं, काही पाहिलेलं, काही खाल्लेलं, आणि काहीतरी नवं सापडलेलं, मग ते कितीही क्षुल्लक असो. "काही न्हाय गावलं" असं म्हटलं तर तो विचारायचा, "मग म्हैना कुठं घालवलास?" वडील कुरकुरायचे. पोरगा छापखान्यात गेला आणि पंतोजी होऊन परत आला, म्हणायचे. पण रविवार जवळ आला की तेच सगळ्यांत आधी तयारीला लागायचे. आमचं खाडीला लागून मिठागर होतं. आम्ही त्याला आगर म्हणतो. आगरात काम करणाऱ्याच्या टाचांना भेगा पडतात आणि त्यांत मीठ गेलं की डोळ्यांत पाणी येतं. एका महिन्यात वडिलांना सापडलं होतं, की मेण आणि खोबरेल एकत्र तापवून भेगांत भरलं तर मीठ झोंबत नाही. ते त्यांनी इतक्या रुबाबात सांगितलं, की आम्ही सगळ्यांनी एकेक पाय पुढे करून ते लावून घेतलं.

आईचं चांगलं बहुधा खाण्यातलं असे, आणि तेही दुसऱ्याच्या हातचं. स्वतःच्या हातचं तिने कधी सांगितलं नाही. मी वाचलेलं सांगायची. भाऊ छापखान्यातून बिघडलेले फर्मे, म्हणजे पुस्तकांचे छापील ताव, आणायचा, शाई फुटलेले, कुठे पानं उलटी छापलेली. त्यांत एखाद्या गोष्टीची सुरुवात असायची, शेवट नसायचा, नाहीतर थेट मधलंच काहीतरी. माझं सगळं शिक्षण त्या फर्म्यांवर झालं. म्हणून तुझी मतं अर्धवट असतात, असं घरचे मला अजून चिडवतात. अर्धवट तर अर्धवट, पण ती माझी आहेत.

लढाईची वर्षं होती. एका दिवाळीला भाऊ आला तो खोकतच आला आणि परत गेलाच नाही. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. आमच्यात ते नाव कुणी तोंडाने घेत नसे, मोठा आजार म्हणत. कोरडी मोकळी हवा हवी, असं ठरलं. गावातही कुजबुज सुरू झाली होती. वडिलांनी आगराच्या बांधावर राखणदाराची खोपी होती ती नीट शाकारून घेतली, आणि भाऊ तिथे राहायला गेला. त्याची थाळी, तांब्या, पेला, सगळं वेगळं झालं. आई रोज सकाळ-संध्याकाळ पेज आणि दूध घेऊन जायची. मासळी वैद्यांनी बंद केली होती, रक्त पडतं म्हणून. आगरी माणसाची मासळी बंद करणं म्हणजे काय, ते आगरी माणसालाच विचारावं.

शेवटचा रविवार मात्र मोडायचा नाही, असं भावाने बजावलं होतं. आम्ही बांधावर जायचं, वाऱ्याची दिशा बघून खोपीपासून जरा लांब बसायचं आणि सांगायचं. पहिल्याच रविवारी वाटेत आई थांबली आणि आम्हा दोघांना म्हणाली, "त्याच्यासमोर कशालाच चांगलं म्हणू नका."

मी का म्हणून विचारलं. तिने सांगितलं ते मला आधी ठाऊक नव्हतं. तिचा लहान भाऊ तापात गेला होता. शेजारी फणस कापला होता, त्याचा वास घरभर आला आणि पोरगा गरे मागत राहिला. वैद्याने मना केलेलं, म्हणून कुणी दिले नाहीत. तो तसाच मागत मागत गेला. "त्याची वासना अडकली," आई म्हणाली. "माझी आये मरेस्तोवर बोलायची, पोर घरातच घुटमळतंय. माझ्या पोराचं तसं न्हाय होऊ द्यायचं. ज्याला काही हवंसंच वाटत न्हाय, तो सुखानं ऱ्हातो." बरा झाला तर सगळं मिळेलच, आणि नाही झाला तर, असं म्हणून तिने वाक्य सोडून दिलं आणि चालायला लागली.

मग आमची जबानी सुरू झाली. वडिलांनी सांगितलं, भाईंदरला तंबूत सिनेमा आला होता, पण यंत्र सारखं बंद पडत होतं, लोक उठून गेले. खरं तर वडील तो दोनदा बघून आले होते आणि त्यातली मारामारी त्यांनी मला अंगणात करून दाखवली होती. मी म्हटलं, वाचलं पण त्यात काही दम नव्हता. उत्तनहून मासळी घेऊन येणाऱ्या बाईने नाताळात नेवऱ्या, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्या, दिल्या, त्या खवट निघाल्या, असं आईने सांगितलं. ती बाई बिचारी दरवर्षी ताज्या तुपातल्या नेवऱ्या आणायची. खाडीतला जिताडा मासा मिळाला होता, त्याला चिखलाचा वास मारत होता. संक्रांतीची गूळपोळी फुटली. सापडलेलं म्हणाल तर काहीच सापडलं नाही, लढाईत सापडणार काय?

भाऊ भिंतीला टेकून ऐकायचा. पहिल्या वेळी तो हसला. "गोडदेवला यंदा समदंच वाईट झालंय म्हनायचं," म्हणाला. दुसऱ्या वेळी त्याने वडिलांना सिनेमातलं एकदोन विचारलं आणि वडिलांनी मान हलवून उडवून लावलं. वडिलांना खोटं बोलता येत नसे; ते आगराकडे बघत बसले. तिसऱ्या वेळी भावाने काहीच विचारलं नाही. आम्ही बोललो, तो डोळे मिटून होता.

पुढच्या दिवसांत पेज अर्धी परत यायला लागली. मग दूध परत यायला लागलं. मी नेलेले जुने फर्मे त्याने उशाला तसेच ठेवले होते, वरच्याचं पानही उलटलेलं नव्हतं. मला आईचा भयंकर राग यायचा. तिला दिसत नव्हतं असं नाही, पण ती त्याचा उलटा अर्थ लावायची. "बघ, आता त्याला काही नको असतं," असं मला म्हणायची, आणि तसं म्हणताना तिचा चेहरा असा व्हायचा की माझा राग तोंडातच राहायचा. पोराचा जीव शांत होतोय की विझतोय, हे तिला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नक्की कळत नव्हतं.

शिमगा झाला. त्या महिन्याच्या रविवारी आम्ही बसलो, वडिलांनी घसा साफ केला, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "आज मी सांगतो."

त्याला बोलताना थांबावं लागत होतं. वाचलेलं त्याच्याकडे होतं. गुरांच्या रोगांवरच्या कुठल्याशा पुस्तकाचा एक फर्मा त्याने अखेर उलगडला होता. वासराला दूध कसं पाजावं, हे लिहिणाऱ्याने इतक्या मायेने लिहिलं होतं, की आपल्याकडे वासरू नाही याचं त्याला वाईट वाटलं. पाहिलेलं म्हणजे आगरातलं मीठ. वडिलांच्या आगरात तो लहानाचा मोठा झाला होता, पण मीठ धरताना त्याने कधी बसून पाहिलं नव्हतं. दुपारी वारा पडला की पाण्यावर दुधाच्या सायीसारखा पापुद्रा येतो, आणि मग तो आपल्याच भाराने तळाला बसतो. "बा, तू रोज बगत असशील," तो म्हणाला. वडील म्हणाले, "मी कवा बगितला रे. मी फक्त ओढतो." सापडलेलं असं होतं, की डाव्या कुशीवर वळून हात उशीखाली घातला, तर खोकला जरा उशिरा येतो.

"आन् खाल्लेलं," तो म्हणाला आणि आईकडे वळला. "आये, मागल्या हप्त्यात पेज करपली व्हती न्हाय? बुडाला लागलेली?"

आई ओशाळली. त्या दिवशी तिला चुलीपाशी बसल्या बसल्या झोप लागली होती. दुसरी पेज करायला वेळ नव्हता म्हणून तिने तीच वरवरची काढून नेली होती.

"ती मना लय आवडली," भाऊ म्हणाला. "धुराचा वास व्हता तिला. आपल्या घराचा वास. पुन्हा एकदा करपव."

आई उठली आणि सरळ खोपीत गेली. वारा, अंतर, काही बघितलं नाही. त्याच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "जिताड्याला चिखलाचा वास न्हवता." मग त्याचं पांघरूण नीट करत, "तसा जिताडा मी जल्मात रांधला न्हाय."

"कसा रांधलास?" भावाने विचारलं.

तिने सांगितलं. जिताडा केवढा होता, खवले काढताना कसे हातभर उडाले, डोकं वेगळं कसं ठेवलं. लसूण किती ठेचली, मसाला कुठल्या बरणीतला, आंबटाला कैरी नव्हती म्हणून चिंच घातली ती जुनी काळी होती. रस्सा उकळायला लागल्यावर शेजारीण वासावर आली आणि वाटी घेऊनच गेली. तांदळाच्या भाकऱ्या फुगल्या. भाऊ मधूनमधून विचारत होता, डोकं कुणी खाल्लं, रस्सा दाट होता की पातळ. आई एकेक सांगत होती. मी तिला इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "तू किती खाल्लंस?" आणि ती म्हणाली, "पोटभर. वरून अर्धी भाकर घेतली." हे सांगताना ती रडत होती, आणि मला आठवतं, तोही रडत होता, पण त्याचा चेहरा अनेक महिन्यांनी जागा झाल्यासारखा दिसत होता.

मग वडिलांनी सिनेमातली मारामारी सांगितली, बांधावर उभं राहून, हातवारे करून. नेवऱ्या चांगल्या होत्या हेही सांगून झालं. मी एका गोष्टीचा मधला भाग सांगितला आणि भावाने तिचा शेवट आपल्या मनाने जोडून दिला. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथे होतो. घरी येताना आई सगळ्यांच्या पुढे चालत होती.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम पेज करपवली. पण ती त्याने किती खाल्ली हे तिने आम्हाला सांगितलं नाही. पुढचा शेवटचा रविवार यायच्या आधी एका पहाटे तो गेला.

दहाव्याला बायका खाडीवर जात नाहीत. पुरुष तिथे पिंड ठेवतात, कावळ्याची वाट बघतात, आणि कावळा शिवेना तर घरची माणसं हात जोडून गेलेल्याला वचन देतात, तुझं अमुक करू, तुला तमुक देऊ. आदल्या दिवशीपासून आई वडिलांकडून ते सगळं घोकून घेत होती. कावळा नाही आला तर जिताड्याचं बोला. नाही आला तर म्हणा, तंबू परत आला की तुझ्या नावाने तिकीट काढीन. पोरीचं वाचन बंद करणार नाही म्हणा. वासरू आणीन म्हणा. एकही विसरू नका, एकेक करत बोला, त्याला निवडायला वेळ द्या. वडील मान डोलावत होते. सकाळी निघतानाही तिने ते सगळं पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

वडील फार लवकर परत आले. दारात उभे राहूनच म्हणाले, "बोलायची वेळच आली न्हाय. मी मागं सरकलो न् लगेच शिवला. लोक बोलले, पोर सुखानं गेलं. कायसुदिक मागं ऱ्हायलं न्हाय त्याचं." आईला बरं वाटेल, अशाच समजुतीने त्यांनी ते सांगितलं होतं.

आई ओट्यावर खाली बसली. वडिलांनी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला, तिकडे तिने पाहिलं नाही.

"कायच नको व्हतं त्याला?" ती म्हणाली. "जरा तरी अडकायला हवा व्हता."