शंभूची परदेशातली भिक्षा

आमचा शंभू परदेशात दारोदार पीठ मागतो, ही बातमी अणदुरात पसरली तेव्हा लोक माझ्याकडं सांत्वनाला यावं तसे यायला लागले. "बाई, नोकरी गेली का पोराची?" मी म्हटलं, नोकरी नव्हतीच, जाणार कुठली? जन्मभर शाळेत पोरं हाकलीत मी. असल्या सांत्वनाचा मला पटकन राग येतो.

शंभुलिंग माझा भाचा. त्याची आई लवकर गेली, म्हणून मी माहेरीच राहिले आणि त्याला वाढवलं. त्याचे वडील, माझे थोरले भाऊ सोमलिंग स्वामी, गावातले जंगम, म्हणजे आम्हा लिंगायतांचे गुरू. आमच्यात जंगमानं सोमवारी खांद्याला झोळी लावून, घंटा वाजवत घरोघर भिक्षा मागायची रीत आहे. घरात पोती भरलेली असली तरी मागायची. देणाऱ्यापुढं उभं राहिलं की माणसाचा ताठा उतरतो, असं भाऊ सांगतात. त्यांचा स्वतःचा उतरलेला मी काही पाहिला नव्हता.

शंभू बी.एस्सी. झाला, आणि मठाच्या सेवा मंडळाला माणूस हवा होता म्हणून आफ्रिकेत मलावीला गेला. तिथं सरोवराकाठच्या एका खेड्यात मंडळानं दासोह सुरू केला होता: शाळेच्या पोरांना दुपारी फुकट जेवण, आणि कुणी विचारलं तर आपला धर्म सांगायचा. पहाटे उठायचं, हातपंपाचं पाणी आणून आंघोळ करायची, कपाळाला भस्म लावायचं, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची. त्याआधी पाण्याचा घोटही नाही. मग चूल पेटवायची आणि मक्याच्या पिठाचा घट्ट उकडा रांधायचा, तिकडं तीच भाकरी. शेंगदाणे तिकडं मुबलक, म्हणून सोबतीला आपली शेंगाचटणी. मला फोनवर म्हणाला, "आत्या, तुमच्यासारखी जमत न्हाय, पण जळत तरी न्हाय."

जेवण तयार, पण जेवायला कोणी येईना. महिने गेले. पोरं कुंपणाबाहेरून बघायची आणि निघून जायची. मंडळानं कळवलं, असंच चाललं तर केंद्र बंद करू. शेवटी शेजारच्या एस्नाती नावाच्या म्हातारीनं त्याला उलगडून सांगितलं. बाहेरचे लोक पोती घेऊन येतात, जेवणाऱ्या पोरांचे फोटो काढतात, आणि जरा ओळख झाली की आमचा देव घ्या म्हणतात. शंभू म्हणाला, मी तसं करणार नाही. म्हातारी म्हणाली, असं सगळेच म्हणतात.

ते ऐकून त्याच्या ध्यानात आलं, की आल्यापासून आपण नुसते द्यायलाच उभे आहोत, कुणाकडून घोटभर पाणीही मागितलेलं नाही. सोमवारी त्यानं पेटीतली भगवी झोळी काढली आणि घंटा वाजवत गावात निघाला. धान्यानं भरलेल्या कोठीचा मालक मूठभर पीठ मागतोय म्हटल्यावर गाव पोट धरून हसलं. पण काही दिवसांनी एस्नातीनं मूठभर घातलं, मग दुसरीनं. घराघरातलं पीठ दासोहाच्या पातेल्यात गेलं. आपल्या आईनं दिलेलं पीठ तिथं शिजतंय म्हटल्यावर पोरं हक्कानं येऊन बसली. बायका येऊन पातेलं ढवळायला लागल्या आणि चटणीत मीठ कमी आहे म्हणून त्याला बोलायलाही लागल्या. मला तर अभिमानानं रडू आलं.

भाऊ मात्र तापले. आमच्याकडं भिक्षा मागायची ती गळ्यात लिंग बांधलेल्या आपल्याच लोकांच्या घरी. "ज्या घरात मासळी शिजती तिथलं पीठ?" त्यांनी फोनवर विचारलं.

"कोरडंच पीठ असतंय, अप्पा."

"त्याचा निवद लिंगाला दावतूस?"

"व्हय."

"मग ते लिंग म्या बांधलंय असं कुणाला सांगू नगंस."

शंभूची दीक्षा भावांच्याच हातची. बापानं नाव टाकलं तर एक वेळ सोसेल, पण गुरूनं हात काढून घेतला तर रोज तळहातावर घ्यायचं ते काय? तरी पोरानं भिक्षा सोडली नाही आणि पूजाही सोडली नाही. दर रविवारी मला फोन करायचा आणि शेवटी विचारायचा, "अप्पा बोलतील का?" मी मुद्दाम स्पीकर लावायची. भाऊ समोर बसून गप्प ऐकायचे, आणि मला त्यांचा असा संताप यायचा की त्या दिवशी भाजीत तिखट जरा जास्तच पडायचं.

मग शंभूला मलेरिया झाला. बरा झाल्यावरच त्यानं कळवलं. पडल्या पडल्याच पूजा करायचा. एस्नाती उशाशी बसायची. "आणि झोळी?" मी विचारलं. म्हणाला, "गावच्या बायांनी फिरवली आत्या, आळीपाळीनं. एक सोमवार चुकला न्हाय."

फोन ठेवल्यावर भाऊ उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. मग म्हणाले, "मागल्या साली म्या आजारी पडलो, तवा माझी झोळी कुणी फिरवली गं?"

"कुणी न्हाय, दादा. खुंटीला होती."

सोमवारी ते निघाले. ठरलेली घरं झाली तरी परतले नाहीत. ओढा ओलांडून पलीकडच्या वस्तीत गेले, जिथं आमच्या घराण्यातल्या कुणाची घंटा कधी वाजली नव्हती. एस.टी.तून निवृत्त झालेल्या रामकिसन ड्रायव्हरच्या दारात उभे राहिले. घरी आले तेव्हा चेहरा उतरला होता. मला म्हणाले, "शंभूला फोन लाव."

शंभूनं फोन उचलला.

"शंभू, आज वड्यापल्याड गेल्तो. रामकिसनच्या दारी."

"काय म्हणले ते?"

"म्हणला, स्वामी, माझा बाप मरंपर्यंत तुमी ह्या दारात आला न्हाय. आज माझ्या हातनं पीठ सुटत न्हाय. खुर्ची दिली, पीठ न्हाय दिलं. खरं हाय त्याचं. तुला पहिल्या दिवशी कुणी घातलं रं?"

"कुणीच न्हाय, अप्पा. रिकामी झोळी घिऊन आलो."

"मग काय केलास?"

"पुढच्या सोमवारी परत गेलो."

भावांनी मान हलवली. फोनवर ती दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी शेजारीच होते, म्हणून सांगते: शिष्यानं गुरूपुढं हलवावी, तशी हलवली त्यांनी ती मान.

"बरं," ते म्हणाले, "म्या बी जातो."