पडद्यापलीकडून आलेला आवाज

माझे थोरले दीर, आमच्याकडे त्यांना भासरे म्हणतात, बालाघाटात हाडांचे डॉक्टर आहेत. वारासिवनी-खैरलांजीकडची माणसं वाकडे गुडघे घेऊन त्यांच्याकडे येतात आणि सरळ चालत घरी जातात. माझेही दोन्ही गुडघे कंसासारखे बाहेर वाकलेले. पण आमच्या घरात भासरा आणि भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, एकमेकांना शिवत नाहीत. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर माझा पदर डोक्यावर आणि बोलणं दाराआडून, तेही तिसऱ्याच्या तोंडून. आजच्या मुलींना याचं हसू येतं. मलाही कधीकधी येतं, पण मी ते पाळलं, आणि त्यांनीही पाळलं.

म्हणून मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "ऑपरेशनले माही ना नाही. पन भासऱ्यायच्या हातून नोको."

"हौ, हौ," ते म्हणाले. "गोंदियाचा डॉक्टर येते ना त्यायच्याच दवाखान्यात. थोच करीन."

उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या सकाळी मी जोडवी काढून नवऱ्याच्या हातात दिली. आत नेल्यावर पाठीत सुई दिली आणि कमरेखालचं अंग माझं राहिलंच नाही. छातीपुढे हिरवा पडदा लावला. डोळे जड झाले होते, कान मात्र टक्क जागे. पडद्यापलीकडे कुणीतरी हाताखालच्या डॉक्टरला समजावून सांगत होतं.

"दोनों तरफ़ की उभरी हुई हड्डी उँगली से टटोल. इन दोनों को जोड़ने वाली लकीर पकड़. पीछे का हिस्सा घिस गया है, उसका भरोसा मत कर."

भासऱ्यांचा चेहरा मी कधी नीट पाहिलेला नाही. पण हा आवाज मी सारं आयुष्य दाराआडून ऐकत आले होते. चहात साखर कमी पडल्याचं भावाला सांगणारा हाच आवाज.

"अब टखने का बीच देख. पैर की दूसरी उँगली की सीध में आ रहा है?"

घोट्यासमोरचं ते दुसरं बोट म्हणजे माझं जोडव्याचं बोट! ओरडावंसं वाटलं, पण जीभ उचलेना. लाज वाटली, पण लाजेपेक्षा राग मोठा होता, आणि तो भासऱ्यांवर नव्हता. आत येताना माझा हात धरून "काई भेव नोको" म्हणणारा माणूस बाहेर बाकावर बसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला विचारलं, "गोंदियावाला काहून नाही आला?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "त्याले बलावलंच नोतं. दादासारखा हात कोनाचा हाय? तुह्या भल्यासाठीच केलं ना."

भल्यासाठी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नाही म्हटलेलं ज्याला ऐकू आलं होतं, त्यानंच ते गिळून टाकलं होतं.

संध्याकाळी भासरे तपासायला आले. नेहमीसारखे दाराबाहेर थांबले, खाकरले आणि भावाला म्हणाले, "तिले विचार, पाय जड वाटून राह्यला का?"

मी पदर डोक्यावर ओढला आणि तिसऱ्या तोंडाची वाट न बघता बोलले, "मी नाही म्हटलं होतं. तुमाले मालूम होतं का?"

नवरा उठून उभा राहिला.

"नाही," भासरे म्हणाले. ते प्रथमच थेट माझ्याशी बोलत होते. "यानं सांगतलं का तू तयार हायेस. मले तुले विचारता आलं नाही."

"विचारलं पायजे होतं."

"हौ," ते म्हणाले. "पायजे होतं."

मला त्यांची कीवच आली. हाडाच्या बाबतीत एका खुणेवर कधी न विसंबणारा माणूस माझ्या बाबतीत भावाच्या एका शब्दावर विसंबला. दुसऱ्या कुणाकडून ताडून बघायचं तरी कसं? मला विचारायची सोय आम्हीच कधी ठेवली नव्हती. आणि माझ्या नवऱ्याला हे पक्कं माहीत होतं.

गुडघा उत्तम झाला, खोटं कशाला बोलू? पुढे डावाही भासऱ्यांकडूनच करून घेतला. या वेळी मी एकटी दवाखान्यात गेले आणि पदर सावरून, हाही तुम्हीच करा, असं त्यांना स्वतः सांगितलं. नवरा हे सगळ्यांना कौतुकानं सांगतो, "पाह्य, शेवटी माहंच खरं झालं ना!" प्रकरण मिटलं, असं नवऱ्याला मनापासून वाटतं. माझी सेवाही ते मनापासून करतात. जेवण झालं की पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन येतात, गोळी माझ्या हातावर ठेवतात.

मी आधी गोळीचं पाकीट मागते. चष्मा लावून त्यावरचं नाव वाचते. ते पेला धरून समोर उभे असतात. वाचून झालं की मग मी गोळी घेते.