शाब्बासकीचा क्लास

दर रविवारी सकाळी सहकारनगरच्या मैदानावर मी कुत्र्यांचा क्लास घेते. दर क्लासला जॅकेटच्या खिशात चिकनचे तुकडे साठतात आणि डोक्यात किस्से. दोन्हींचा वास धुतला तरी जात नाही!

पद्धत साधी. कुत्र्यानं सांगितलेलं केलं, की हातातली बटणाची डबी दाबून 'टिक' वाजवायची आणि लगेच वाटाण्याएवढा खाऊ द्यायचा. कुत्री दोन दिवसांत शिकतात. मालकांचं सांगता येत नाही.

*

देशपांडे काकूंना 'वाटाण्याएवढा' हा शब्दच पटला नाही. "अहो, दारी आलेल्याला कोणी एवढंसं देतं का?" म्हणत त्यांनी दर टिकला थालीपिठाचा चतकोर दिला. आठव्या टिकला त्यांचा ब्रूनो गवतावर आडवा होऊन घोरायला लागला.

"बघा, किती शांत झाला," काकू म्हणाल्या. "तुमचा क्लास चांगला आहे हं!"

*

आयटीतला रोहन टिक वेळेवर वाजवायचा, पण खाऊ बॅगेच्या तळाशी. त्याचा कुत्रा डॉलर बसला, टिक वाजली, रोहन बॅगेची चेन उघडत राहिला. तेवढ्यात डॉलर उठला आणि त्यानं त्याच बॅगेवर पाय वर केला. नेमका तेव्हाच रोहनला खाऊ सापडला!

पुढच्या रविवारी डॉलर थेट बॅगेपाशी गेला, पाय वर केला आणि बक्षिसासाठी रोहनकडे बघत उभा राहिला.

*

सोनवणे काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. मोती त्यांच्या बायकोचा. ती गेली, मोती राहिला. पण फाटक उघडं दिसलं की रस्त्यावर पळायचा आणि काकांच्या हाकेला येत नसे. "महिन्याभरात शिकला नाही, तर लोणी काळभोरला मित्राच्या शेतावर पाठवू," असं मुलानं सांगितलं होतं. काकांनी चिकन आणलं, पनीर आणलं. मोती निम्म्यापर्यंत यायचा, काकांचा चेहरा बघायचा आणि परत फिरायचा.

"काका, थोडं कौतुक करा त्याचं."

"कशाला? चुकलं की बोलावं. बरोबर असेल तर त्यात बोलायचं काय? मुलाला दहावीला शहाण्णव टक्के मिळाले, तेव्हा मी 'उरलेले चार कुठे गेले?' एवढंच विचारलं होतं. काही बिघडलं नाही त्याचं!"

मी त्यांना रोज आरशासमोर 'शाब्बास' म्हणायला सांगितलं. पुढच्या रविवारी त्यांनी सर्वांसमोर म्हणून दाखवलं.

देशपांडे काकू म्हणाल्या, "शाब्बासकी देताय की मेमो?"

*

महिन्याचा शेवटचा रविवार. मी मोतीचा दोर सोडला. मैदानाच्या त्या टोकाला काका. हाक आली, मोती निघाला आणि नेहमीसारखा निम्म्यावर थांबला.

काकांनी दुखरा गुडघा धरला, कसेबसे खाली बसले आणि दोन्ही हात पसरले. "ये रे राजा! शाब्बास! शाब्बास माझ्या वाघा!"

मोती असा धावला, की काका उताणेच झाले! टिक वाजवायची राहिली, चिकन खिशातच राहिलं. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो आणि मोती काकांचा चष्मा चाटत होता.

काकांनी तिथेच बसून मुलाला फोन लावला.

"आला रे! शेतावर पाठवत नाही म्हणून मित्राला कळव."

मग बराच वेळ ते मोतीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. फोन कानालाच होता.

"आणि ऐक... ते दहावीचे मार्क. चांगले होते हं."