तारेचं पोट

आमच्या खालच्या मजल्यावरचे वायरमन कुठेही गेले तरी आधी वर बघतात, तारांकडे. त्यांची बायको म्हणते, "लग्नाच्या दिवशीसुद्धा हे माझ्याकडे नाही, दिव्यांच्या तारेकडे बघत होते."

सव्वीस वर्षं खांबांवर चढून त्यांचे गुडघे कुरकुरू लागले होते. सुपरवायझर झाले की जमिनीवर उभं राहून काम करून घ्यायचं. पण त्याची परीक्षा इंग्रजीत. दोनदा नापास झालेले. वयाच्या अटीमुळे ही तिसरी खेप शेवटचीच. म्हणून रोज संध्याकाळी हात साबणाने घासून, वही घेऊन ते माझ्याकडे इंग्रजी शिकायला येत.

एकदा शब्द निघाला ‘सॅग’. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी मला शिकवला तसाच मी शिकवला. गादी मधोमध दबते, तो सॅग. म्हातारपणी गाल ओघळतात, तोही सॅग. वाईट बातमीने माणसाची उमेद खचते, तिथेही हाच शब्द.

"म्हणजे चांगलं काहीच नाही?"

"काहीच नाही," मी ठणकावलं.

त्यांनी इंग्रजीत वाक्य केलं : चांगला वायरमन तारेला सॅग देतो. मी लाल रेघ मारली आणि खाली लिहिलं : चांगला वायरमन तारेचा सॅग काढून टाकतो. त्यांनी दोन्ही वाक्यांवरून बोट फिरवलं. मग "बरं बाई" म्हणाले आणि माझं वाक्य त्यांनी अकरा वेळा लिहून काढलं.

परीक्षा मंगळवारी होती. रविवारी दुपारी त्यांनी माझ्या गॅलरीत कपडे वाळत घालायची तार लावून दिली. आमच्या ह्यांनी बांधलेली जुनी तार गंजून तुटली होती. नवी तार मध्ये चार बोटं खाली आलेली. मी म्हटलं, "घट्ट ओढा. कपडे मध्येच गोळा होतात."

"बाई, उन्हात ताणली तर थंडीत रडेल हो."

"तुम्ही ओढा."

ओढली. सोमवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. मी धुतलेली जाड चादर तारेवर टाकली आणि कडी भिंतीतून पोपड्यासकट निघाली. चादर थेट खाली, त्यांच्या बायकोच्या डोक्यावर.

"बाई, चादर पोचली!" खालून आवाज आला. "आता उशीपण टाका, झोपतेच!"

वायरमन हातोडी घेऊन वर आले. कडी पक्की केली, तार सैल बांधली आणि तिला बोटाने टिचकी मारली. थरथर पलीकडच्या टोकाला गेली, परत आली. ते ओठांत आकडे मोजत होते.

"मोठ्या लाइनीवरही असंच मोजतो. लाट लवकर परतली तर तार जास्त ताणलेली. तिला पोट लागतंच, बाई. थंडीत आकसायला जागा नको?"

"त्यालाच तुम्ही सॅग म्हणता?"

"खांबावर सगळेच म्हणतात. रोज द्यावा लागतो, मापाने."

मी कपाळावर हात मारला. "मग माझं वाक्य अकरा वेळा का लिहिलंत?"

"तुम्ही इंग्रजीतल्या," ते ओशाळून म्हणाले. "मला वाटलं, खांबावरचं वेगळं नि परीक्षेतलं वेगळं असेल."

मी त्यांना वही आणायला पाठवलं. माझं वाक्य बाराही ठिकाणी खोडलं आणि त्यांच्या वाक्याखाली लिहिलं : बरोबर. इतक्या वर्षांत लाल पेनाने स्वतःचीच चूक खोडायची ही माझी पहिली वेळ.

मंगळवारी तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलंच, दोन खांबांमधली तार कशी ठेवाल? वायरमननी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, नि शब्द अडला तेव्हा टेबलावर टिचकी मारून लाट दाखवली. दीड महिन्याने निकाल लागला. पास.

आता ते खालीच उभे राहून वर बघतात. बायको म्हणते, "गुडघे वाचले, आता मान धरणार."

माझे कपडे अजूनही तारेच्या मध्ये गोळा होतात. मी काठीने ते बाजूला सारते, पण तार ओढा म्हणत नाही.