आमचे हे आणि मंडईचं नाटक

सांगताना अजून छाती धडधडते माझी! हृदयाचं ऑपरेशन झालं आणि आमचे हे खुर्चीला चिकटले. मुळातच घुमा माणूस. डॉक्टरांनी बजावलं होतं, फिरा, चार माणसांत बसा. पण हे दिवसभर भिंतीकडं तोंड करून. मी पडले बोलघेवडी, गुडघे कुरकुरतात तरी गावभर हिंडते. आणि इकडं यांचं हे असं. डोळ्यांदेखत माणूस संपत चालला होता.

आमगावजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई भरते. लेकी-जावई, पाहुणे, जत्रेसारखी गर्दी, आणि नाटक तर हवंच. यंदा आम्ही म्हाताऱ्यांनीच करायचं ठरवलं, तेही दुपारी, रात्री जागतो कोण? तालीम मी मुद्दाम आमच्याच छपरीत, म्हणजे घराच्या ओसरीवर लावली. हे तिथंच खुर्चीत, आमच्याकडं पाठ फिरवून.

मंडईच्या आदल्या दिवशी आमचे प्रॉम्प्टर गुरुजी तापानं पडले. आता पडद्याआडून संवाद सांगणार कोण? सगळ्यांनी हातपाय गाळले. तरी तालीम रेटत होतो, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"सासू आधी रडते, मंग बोलते. तुमी उलटं करून राह्यले."

यांना अख्खं नाटक पाठ होतं.

"मंग उद्या तुमीच सांगा," मी झडपच घातली.

"मी नाई येत."

"काऊन? पडद्यामागं कोन पाहून राह्यलं तुमाले?"

जेवले नाहीत रागानं. पण आले.

सासू मीच होते. समोर सारं गाव बघितलं आणि डोकं कोरं झालं. पडद्याआडून नुसती कुजबुज. मी तिकडं वळून सरळ ओरडले, "मोठ्यानं बोला नं, ऐकू नाई येऊन राह्यलं!"

लोक खो खो हसले. मला वाटलं, संपलं. आता हे उठून घरी जातील, परत कधी उंबरा ओलांडणार नाहीत.

आणि आवाज आला. खणखणीत, पार जिलेबीच्या दुकानापर्यंत. "या घरात माह्यं कोन हाये?"

टाळ्या पडल्या, माझ्या आधी यांना. मग मी रडले, अगदी खरं रडले, आणि वाक्य म्हटलं.

नाटक संपल्यावर पडद्यामागं चहा. हे घोळक्यात मधोमध उभे. कुणीतरी विचारलं, "काका, एवढा आवाज कुठं लपवला होता?"

"लपवतो कायले? घरी माह्या नंबरच लागत नाई."

सगळे माझ्याकडं बघून हसले. उत्तर जिभेवर तयार होतं. गिळलं. त्यांना अजून बोलायचं होतं.