चार बोटांचं पाऊल

आमच्या धारच्या गल्लीतलं भूत मी घालवलं. तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. मला मात्र अजून लाज वाटते. तसं भूत साऱ्या माळव्यात दुसरं नव्हतं. ते कुणाला झपाटत नसे, नुसतं देत असे. उजाडताना कुणाच्या ओट्यावर घोंगडी सापडे, कुणाच्या दारात गूळ. कुत्रंसुद्धा भुंकत नसे. बायका भिऊन पिंपळाखाली नारळ ठेवत आणि तोच नारळ दुसऱ्या दिवशी, शेंदरासकट, एखाद्या उपाशी घराच्या उंबऱ्यावर असे. अंगावर काटा येई. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या विधवा काकूंचा तांब्याचा हंडा तर रोज पहाटे आपोआप काठोकाठ भरे. काकू हात जोडत, "पितर आहेत आपले." त्याच पाण्यावर त्यांचं सोवळं आणि देवपूजा चाले.

गल्लीच्या टोकाला मिशनच्या दवाखान्यातले ख्रिस्ती कंपाउंडर राहत. दर पावसाळ्यात त्यांची छत्री हरवे आणि कुणा मजुराच्या डोक्यावर सापडे. जोड्यांचंही तेच, म्हणून बारा महिने अनवाणी. कुणी आभार मानू लागलं की ते दवाखान्याच्या मागच्या खिडकीतून उडी टाकून पसार होत. अशाच एका उडीत पत्रा लागून डाव्या पायाची करंगळी गेली. भुताचा विषय निघाला की भावाला 'भिया' म्हणायच्या माळवी ढंगात गंभीरपणे म्हणत, "असेल, भिया. भुतांतही सज्जन असतात."

मी तेव्हा दरबारच्या दप्तरात नवा कारकून, शहाणपण उतू जात होतं. माणूस गेल्यावर दिव्याखाली पीठ पसरून त्यात कुणाची पावलं उमटली ते बघायची आमच्याकडे रीत. तसंच पीठ मी काकूंच्या ओट्यावर पसरलं. उजाडल्यावर गल्ली जमली. हंडा भरलेला, आणि पिठात ओली पावलं. डाव्याला चारच बोटं. सगळे गारठले. मी एकटा हसलो.

"अरे, भूत कसलं! हा तर आपला कंपाउंडर!"

काकूंनी हंडा उपडा केला, चिंच-राखेने घासघासून लाल केला आणि स्वतः विहिरीची वाट धरली. कंपाउंडर मला रस्त्यात भेटले. रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "भिया, आता त्यांचं पाणी कोण भरेल?"

मी भरेन, असं म्हणायला हवं होतं. पण उन्हाळाभर काकू वाकून, पायऱ्यांवर बसत-उठत हंडा आणत राहिल्या आणि मी खिडकीतून बघत राहिलो. गल्लीत पुन्हा काही सापडलं नाही. पहाटेची ती शांतता भुतापेक्षा भयंकर होती.

दिवाळीनंतर कंपाउंडर तापाने पडले. एका दुपारी मी त्यांच्या दारात उभा राहिलो.

"काका, आठ दिवस काकूंचा हंडा मी भरतोय. कुणी पाहिलं नाही."

ते क्षीण हसले. "मग मला कशाला सांगितलंस?"

"चुकलो, काका. माफ करा," मी म्हणालो. त्यांच्या खोलीत आमच्यापैकी कुणी कधी पाण्याला शिवलं नव्हतं. मी कोपऱ्यातल्या माठातून पेला भरला, आधी त्यांना पाजला, आणि उरलेलं पाणी तिथेच बसून प्यायलो.